वायरीवरच्या गाठी

“ते काम मी सोडी दिधं, हेमराज. दोन साल व्हयनात.”

सुपडूने हे व्हॅनकडे न बघताच सांगितलं आणि हातातल्या बॅटरीची झाकणं एकेक करून घट्ट बसवायला घेतली. ती आधीच घट्ट होती.

हेमराज म्हसावदचा. शेती भावाच्या हवाली करून त्याने ही व्हॅन घेतली होती. आठवड्यातून दोनदा तो गावातले तीन किडनीचे पेशंट डायलिसिसला नंदुरबारला नेई आणि संध्याकाळी परत आणी. माणूस तसा गरीब, पण आज तो हटायला तयार नव्हता.

“बॅटरीमा पानी टाकाले मी म्हसावदथून आठे येसू का भाऊ? काल पहाटले लोणखेडाजोडे दोन्ही लाईट गयात. समोर ऊसनी ट्रॉली. तिले मागे ना दिवा, ना लाल कापड. रुखमाबाई मागथून वरडनी म्हनीसन ब्रेक दाबाई गया. नहीते तुम्हीच मन्हा दहाव्याले येतात.”

“चुडामणकडे जाय. त्यानाकडे मशीन शे, बठ्ठं स्क्रीनवर दिसस.”

“गयथू ना! त्यानी बॉनेट उघाडं, टेप सोडी, आतमधला दोरा देखा नि बॉनेट बंद करी दिधं. म्हणे, ज्यानी गाठी मारेल शेतस त्यालेज सोडाले सांग.”

धंद्याचा रिवाजच तसा. एका मिस्तरीने बदललेल्या वायरिंगला दुसरा मिस्तरी हात लावत नाही. लावला आणि काही जळलं तर पहिला म्हणतो दुसऱ्याने जाळलं, दुसरा म्हणतो पहिल्याचंच कच्चं होतं, आणि गाडीवाला दोघांच्या नावाने शिमगा करतो.

“उद्या पहाटले परत जानं शे,” हेमराज म्हणाला. “एक पाळी चुकनी ते रुखमाबाईना पाय सुजी जातस. मी संध्याकायले येस.” चावी त्याने बॅटरीवर ठेवली आणि मागे न बघता स्टँडच्या रस्त्याने निघून गेला. नकार ऐकायला माणूसच समोर नसला की नकार कुणाला द्यायचा?

शहाद्याच्या दोंडाईचा रस्त्यावर सुपडूचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चौतीस वर्षांचं. एके काळी इथे ट्रॅक्टर, जीपा, पिकअप यांची रांग लागे. सुपडूने केलेली वायरिंग जळत नाही असा लौकिक होता. पण मंगलाबाई गेली आणि तेव्हापासून तो फक्त बल्ब बदले, हॉर्न बसवे, बॅटऱ्या चार्ज करी. नवी वायर म्हणून जोडली नाही. लोक हळहळत, बायको गेली आणि माणसाचं मनच उडालं म्हणत. उधन्याला दिलेली लेक ममता दर रविवारी फोनवर तेच म्हणे. सुपडू सगळ्यांना हो म्हणे, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

खरं कारण असं, की सुपडूला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नव्हता. जन्मापासून. तपकिरीही त्याच घोळात. पिवळा, निळा, काळा, पांढरा हे रंग नीट ओळखू येत, पण या तिघांचा त्याच्या डोळ्यांपुढे एकच मातकट रंग होई.

आता, जिथे मिरची पिकते त्या मुलखात असे डोळे घेऊन जन्माला यावं, याला काय म्हणायचं! धानोऱ्याला वडिलांची तीन एकर मिरची होती. तोडणीच्या दिवसांत घरातलं झाडून सगळं माणूस शेतात. फक्त लाल झालेली तोडायची, एवढं साधं काम. सुपडूच्या टोपलीत मात्र निम्मी हिरवी. वडिलांना वाटलं पोरगं कामचुकार आहे, मुद्दाम करतं. त्यांनी सगळ्या मजुरांसमोर त्याच्या कानाखाली आवाज काढला. पुढच्या वर्षी त्याने मिरच्या हळूच दाबून बघायला सुरुवात केली. पिकलेली मिरची बोटाला जरा नरम लागते. त्यामुळे चुका कमी झाल्या, पण हात इतका मंद चाले की शेवटी वडिलांनी त्याला शहाद्याच्या एका मिस्तरीकडे नेऊन टाकलं. मिस्तरी ऑटो इलेक्ट्रिकचा! आगीतून उठून फुफाट्यात पडणं म्हणतात ते हेच. बॅटऱ्या नि हॉर्नची कामं पुढे होऊन उचलत, वायरी टाळत त्याने तिथली वर्षं काढली.

ही गोष्ट जगात एकाच माणसाने ओळखली. मंगलाबाई लग्नाआधी मिरचीच्या पथारीवर निवडायला जाई. वाळत घातलेल्या लाल ढिगातून डागी मिरची उचलताना तिचा डोळा चुकत नसे. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात तिने ठेच्यासाठी मिरच्या काढायला घेतल्या आणि सुपडूपुढे सूप सरकवून म्हणाली, “हिरव्या तितल्या येगळ्या काढा.” सुपडू एकेक मिरची बोटांत दाबून बाजूला टाकू लागला. ती बघत राहिली. हसली नाही, काही विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा घेऊन दुकानात आली ती पदरात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ बांधून.

“लाल म्हणजे एक गाठ,” ती म्हणाली. “हिरवी दोन. तपकिरी तीन. बाकीना तुमले दिसतस ना?”

एवढंच. त्यानंतर एकतीस वर्षं ती रोज दुपारी दुकानात लोखंडी स्टूल टाकून बॉनेटच्या डाव्या बाजूला बसे. सुपडू वायर पुढे करी, ती दोऱ्याच्या गाठी मारून परत देई. गाडीवाल्यांना वाटे वहिनी नजर लागू नये म्हणून दोरा बांधतात. काही ट्रकवाले तर आग्रहाने मागून घेत. “वहिनी, मन्हा हॉर्नलेबी एक बांधी द्या.” तीही गंभीर चेहऱ्याने बांधून देई आणि गिऱ्हाईक गेलं की तोंडाला पदर लावून हसत सुटे.

ती गेल्यावर महिनाभराने त्याने एका ट्रॅक्टरची वायरिंग एकट्याने केली. सहा वायरी एका टोकाला नीट जोडल्या, दुसऱ्या टोकाला दोन उलटसुलट झाल्या. स्टार्टर मारताच डॅशमधून धूर. ट्रॅक्टरवाल्याला त्याने जुनी वायर कच्ची होती म्हणून सांगितलं, आयुष्यात प्रथमच गिऱ्हाइकाशी खोटं बोलला, आणि त्या दिवसापासून नवं काम बंद.

आणि आता ही व्हॅन. दारात उभी होती, तीही जरा तिरकी. हेमराजने डाव्या बाजूला स्टूलापुरती जागा सोडून ती लावली होती. जुनी गिऱ्हाइकं अजून तशीच लावत. सुपडूही रोज सकाळी स्टूल बाहेर काढून तिथे ठेवी आणि संध्याकाळी आत घेई. कुणी बसायला लागलं तर म्हणे, “त्याना पाय मोडेल शे.” स्टूल चांगलं धडधाकट होतं.

दहा वाजेपर्यंत त्याने दुकान झाडलं, दोन बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या, चहा पिऊन आला. मग पहाटेच्या धुक्यातली ती दिवे नसलेली ट्रॉली त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. शेवटी त्याने बॉनेट उघडलं.

काम वर्णन करायला सोपं होतं. दिव्यांचा सगळा भार स्टिअरिंगजवळच्या स्विचवरून गेला तर स्विच तापून वितळतो. म्हणून मध्ये रिले बसवायचा. मग स्विचने फक्त हुकूम करायचा आणि बॅटरीने दिव्याला थेट करंट द्यायचा. तीन वर्षांपूर्वी सुपडूने या व्हॅनला असा एक रिले बसवला होता. त्यानंतर हेमराजने हौसेने दुप्पट ताकदीचे बल्ब टाकले. एकट्या रिलेला ते झेपेना, त्याचं सॉकेट भाजून काळं पडलं होतं. आता दोन रिले हवे होते, जवळच्या झोताच्या डीपरला वेगळा, लांबच्या झोताच्या अप्परला वेगळा, दोघांना स्वतंत्र फ्यूज आणि जाड वायर.

त्याने टेप सोडवली. आतून पांढरा दोरा निघाला.

दोरा ऑइलने पिवळट झाला होता, पण गाठी जशाच्या तशा. एक. दोन. तीन. सुपडूने अंगठा त्यांच्यावरून फिरवला. दोन वर्षांत त्याच्या आत जे घट्ट होऊन बसलं होतं ते जरासं सैल झालं. तिने सगळं लिहूनच ठेवलं होतं की! एक गाठ लाल, म्हणजे बॅटरीची. दोन गाठी हिरवी, अप्परची. तीन गाठी तपकिरी, डीपरची. आज हे काम होणार, आणि तिच्याच हाताने होणार. त्याला कितीतरी दिवसांनी भूक लागल्यासारखं वाटलं.

मंगलाच्या गाठी टेस्टर लावून ताडून बघायची त्याला सवय नव्हती. आजही लावला नाही. स्विच बंद होता, म्हणजे अप्परची वायर मेलेली. दोन गाठींची वायर त्याने बिनधास्त सोलली आणि बाजूला करताना तिचं उघडं टोक बॉडीला टेकलं.

फाडकन ठिणगी उडाली. फ्यूज गेला.

सुपडू दोन पावलं मागे सरकला. ट्रॅक्टरचा धूर त्याला पुन्हा नाकात जाणवला. नवा फ्यूज टाकून त्याने टेस्टर घेतला. दोन गाठींची वायर जिवंत होती, थेट बॅटरीची. एक गाठीची मेलेली. स्विच डीपरवर टाकला तेव्हा ती जागी झाली. त्याने पुन्हा गाठी मोजल्या. पुन्हा टेस्टर लावला. मग पहिल्यांदा त्याच्या मनात आलं, आपणच विसरलो तर नाही? एक गाठ तपकिरी आणि दोन लाल असं होतं का? एकतीस वर्षं रोज ऐकलेली गोष्ट दोन वर्षांत उलटी व्हावी? डोळे कधी आपले नव्हतेच, आता डोकंही चाललं. त्याला रडू येईल की काय असं झालं. आणि हे विचारायचं कुणाला? जिला विचारायचं तीच नव्हती.

बारा वाजले. एक वाजला. शेजारी वत्सलाबाईचं शिलाई मशीन खडखडत होतं. वत्सलाबाई ब्लाऊज शिवत. एकट्याच राहत. मंगलाची आणि त्यांची रोजची उठबस होती. ती गेल्यावर त्यांनी दोन-चारदा भाजी आणून दिली, पण सुपडू वाटी धुऊन परत करी आणि “बरी व्हती” एवढंच म्हणे. अशाने कोण किती दिवस येणार? त्यांनीही येणं सोडलं.

दीडच्या सुमारास सुपडूने तिन्ही जुन्या वायरींचे गाठीसकट वीतभर तुकडे कापले. ते मुठीत धरून तो त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला.

“ताई, एक विचारू का?”

मशीन थांबलं.

सुपडूने मूठ उघडली. एवढी वर्षं जे लेकीलाही सांगितलं नव्हतं ते बोलायला त्याला वेळ लागला. “यास्ना रंग कोनता शे, ते सांगशात का? माले… माले दिसत नही. लाल नि हिरवं. आधीपसूनच.”

वत्सलाबाई हसतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि तुकडे दारातल्या उजेडात धरले. “हाई एक गाठवाली तपकिरी शे. दोन गाठवाली लाल. तीनवाली हिरवी.”

“नीट देखा. एक गाठ म्हणजे लाल. मंगलानी कव्हयज चूक करी नही.”

वत्सलाबाईंनी तुकडे मशीनच्या फळीवर ओळीने ठेवले. मग म्हणाल्या, “बठा भाऊ.”

“काम शे.”

“बठा म्हनस ना.” तो उंबऱ्यावर बसला. “हाई गाडी कव्हयनी?”

“तीन साल व्हयनात. ती गई, तेन्हा सात-आठ महिना पहिले.”

“तव्हय तिले दिसे नही, भाऊ.”

सुपडूला प्रथम समजलंच नाही.

“साखरनी डोयाना पडदा खाई टाका व्हता. नंदुरबारना डॉक्टरनी सांगं, आते काहीज व्हत नही. मी गयथू ना तिनासंगे. तुमले ती सांगे, लगीनले जाई ऱ्हायनू. उजेड-अंधार समजे, मानूस समजे, रंग नही. सुईमा दोरा मी ओवी देऊ. माले म्हणे, त्यासले सांगू नको, त्या दुकान बंद करी देतीन. मी म्हनू, तुन्हा डोया गयात ते त्या दुकान कसाले बंद करतीन वं? ते तिनी शेवटलोंग सांगं नही.” वत्सलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. “आते समजनं माले.”

रस्त्यावरून उसाची ट्रॉली धडधडत गेली. सुपडूला तीन वर्षांपूर्वीच्या त्या दिवसाची आठवण झाली. याच व्हॅनचा फ्यूज त्या दिवशीही असाच गेला होता. त्याला वाटलं होतं आपण उलट जोडलं. त्याने टेस्टर घेऊन सगळं नव्याने जोडलं, गाठी तशाच राहिल्या. आणि स्टूलावरून ती म्हणाली होती, “तुमनं ध्यान कथं शे आजकाल?” तो ओशाळून हसला होता. ती हसली होती का? त्याने वर बघितलंच नव्हतं.

“मंग ती गाठी मारे कशी?” त्याने विचारलं.

“माले एक दिन दखाडं तिनी. वायर बोटमाथून सरकाडत सरकाडत एक टोकथून दुसरा टोकलोंग जाये. जितल्या गाठी आठे, तितल्याज तठे. म्हणे, रंग देवले मालूम, पन दोन्ही टोके एकज वायरना शेतस, इतलं पक्कं. म्हणे, हाई इद्या मन्हा मालकनी शे, मिरचीवर शिकनू.”

सुपडू उठला. तुकडे घेतले. वत्सलाबाईंनी मशीनच्या खणातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून त्याच्या हातात दिलं. अर्धं संपलेलं. “तिनंज शे. आठेज ऱ्हाई गयथं.”

व्हॅनशी येऊन त्याने पहिल्यांदा जुन्या वायरींची दुसरी टोकं तपासली. एक गाठीला एक. दोनला दोन. तीनला तीन. कुठेही चूक नव्हती. रंग तिचे चुकले होते, वायर एकही नव्हती चुकली. मग त्याने जाड वायरीच्या गुंडाळ्या घेतल्या आणि रंगाचा नाद सोडून दिला. वायर कापायची, चिमटीत धरायची, न सोडता दुसऱ्या टोकापर्यंत बोटं नेत जायची आणि दोन्हीकडे सारख्या गाठी मारायच्या. कोणती जिवंत, कोणती मेलेली, ते टेस्टर सांगेल. इतकं साधं होतं. ट्रॅक्टरच्या वेळी हे सुचलं असतं तर दोन वर्षं दुकान असं मेल्यासारखं पडलं नसतं. पण सुचावं कसं? त्याला तर वाटत होतं की तिच्याबरोबर तिचे डोळे गेले, आपलं सगळं संपलं. डोळे तर त्याआधीच गेले होते आणि काम चालूच होतं.

गाठी त्याला तिच्यासारख्या बारीक येत नव्हत्या. दोरा जाडजूड गोळा होऊन बसे. दोन रिले बसले, दोन फ्यूज बसले. साडेपाचला त्याने टेप गुंडाळली.

हेमराज आला तेव्हा ऊन उतरलं होतं. सुपडू स्टिअरिंगवर बसला आणि वत्सलाबाई न बोलावता येऊन समोरच्या भिंतीशी उभ्या राहिल्या. “डीपर,” सुपडू आतून ओरडला. “लागनं!” “अप्पर.” “लागनं! भलतं लख्ख शे, डोया दिपनात मन्हा!” भिंतीवरचा चुन्याचा पोपडा न पोपडा दिसत होता. अर्धा तास इंजिन चालू ठेवून त्याने रिलेवर हात ठेवला. कोमट. बस.

हेमराजने बॉनेटमध्ये वाकून बघितलं. “दोरा बांधेल शे ना भाऊ? वहिनीना बिगर?”

“बांधेल शे.”

“मंग काही भ्याव नही,” हेमराज म्हणाला, आणि सकाळी पाचला निघायचं म्हणून घाईने गेला. व्हॅन वळताना तिचे दिवे दुकानावरून फिरले आणि रस्त्याला लागले. वत्सलाबाई म्हणाल्या, “रातले डाळ-बट्टी करी ऱ्हायनू. वाटी पाठाडू का?” सुपडू म्हणाला, “पाठाडा.” जरा थांबून म्हणाला, “नही, मीज लेवाले येस.” त्या घरात गेल्या.

सुपडूने हत्यारं आत नेली. चार्जर बंद केला. मग रोजच्यासारखा स्टूल उचलायला वाकला आणि उचलण्याऐवजी त्याच्यावर बसला. या स्टूलावर तो कधी बसला नव्हता. समोर व्हॅनची जागा रिकामी होती. मातीत ऑइलचा डाग तेवढा होता. त्याने डोळे मिटले.

एस. टी. गेली. उसाचे ट्रॅक्टर गेले. कुणीतरी लांबवर हॉर्न दाबून धरला होता. तिला इथून हेच ऐकू येत असणार. बॉनेटखाली वाकलेला नवरा तिला धड दिसत नव्हता, आणि काम करताना बोलायची त्याला सवय नव्हती. वायर पुढे करायची, परत घ्यायची. शेवटच्या वर्षी ती सारखी म्हणे, “बोला ना काही. गप कसाले ऱ्हातस तुम्ही?” आणि तो म्हणे, “बोलनं का ध्यान जास.” दरवेळी हेच म्हणे. अंधारात बसून ती त्याच्या आवाजाची वाट बघत होती आणि तो स्क्रू आवळत होता.

त्याने खिशातून वायरीचे तीन तुकडे काढले. अंगठ्याने मोजले. एक. दोन. तीन. रस्त्यावर कुणी आपल्याकडे बघत नाही ना, ते एकदा डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

“म्हसावदना हेमराज उना व्हता वं आज,” तो हळू आवाजात म्हणाला. “सकायपसूननं बठ्ठं सांगस तुले.”